हाताला सोसेल इतकं गरम

नशिराबादच्या शिवारात विहिरींवर डिझेल इंजिनं चालायची तेव्हा एकच पाणी दोन कामं करायचं. पंपाने वर ओढलेलं पाणी पाटाने केळीला, कपाशीला जायचं. त्यातलंच थोडं एका बारीक नळीने इंजिनाच्या जॅकेटात शिरायचं, सिलिंडरभोवती फिरून त्याची उष्णता घ्यायचं आणि दुसऱ्या नळीने बाहेर पडायचं. इंजिनाची तब्येत आम्हाला या दुसऱ्या नळीखाली हात धरून कळायची. धार गारच लागली तर कॉक थोडा बंद करायचा, हात झटकन मागे घ्यावा लागला तर थोडा उघडायचा. हाताला सोसेल इतकं गरम पाणी आलं की इंजिन बरोबर आहे असं समजून पाणी भरायला वाफ्यांकडे निघायचं.

आता इंजिनाच्या जागी बोअरमधली सबमर्सिबल मोटर आहे. तिलाही पाणीच थंड ठेवतं, पण ते जमिनीखाली शेकडो फुटांवर, नजरेआड. मोटरीच्या अंगावरून वाहणारं पाणी आटलं की तिचा करंट उतरतो, स्टार्टरच्या पेटीतला ड्राय-रन बचाव तो फरक ओळखतो आणि मोटर बंद करतो. हात कुठे धरायची गरज नाही. घरी बसून मोबाईलवरून मोटर चालू करावी, मोबाईलवरच बंद करावी.

तेव्हा इंजिन चालू करणं हा दोन माणसांचा सोहळा होता. पौषातल्या पहाटे गव्हाला पाणी द्यायचं असे आणि थंडीने लोखंडाला हात लावता येत नसे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. कोंडलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं, आणि गारठलेलं लोखंड ती उष्णता शोषून घेतं. म्हणून आधी हेडवर कढत पाणी ओतायचं, हवेच्या तोंडात ऑईलचे चार थेंब सोडायचे, म्हणजे पिस्टनच्या कडेने हवा निसटत नाही. मग एकाने वॉल्व्ह उचलणारा लिव्हर धरायचा, दुसऱ्याने हँडल फिरवायचं. चाकाने वेग घेतला की हँडलवाला ओरडायचा, ‘सोड!’ लिव्हर पडायचा, पहिला ठोका यायचा, मग दुसरा, आणि धुराड्यातून पांढरा धूर निघायचा. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून वळवायचा नाही, हे आम्हाला बाराखडीइतक्याच काळजीने शिकवलेलं होतं. इंजिन उलटं फिरलं तर आधी अंगठा जातो.

आता बटण दाबलं की झालं. सौरपंपाला तर तेही पुष्कळदा लागत नाही. ऊन चढलं की तो चालतो, उतरलं की थांबतो. २०१९ची कुसुम योजना आणि त्यानंतर राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ यांतून हे पंप शेतोशेती पोहोचत आहेत. कुणाचा अंगठा जात नाही, पट्ट्यात धोतर अडकत नाही. रात्री-अपरात्रीच्या विजेसाठी साप-विंचवांतून शेतात जाणंही त्यांच्यामुळे टळलं. हे सुख लहान नाही आणि ते नाकारणाऱ्याने एकदा थंडीत हँडल मारून पाहावं.

पण इंजिन चालू झालं तरी त्याच्यापाशी थांबावं लागायचं, आणि त्या थांबण्यात आमचं शिक्षण झालं. लगेच भार द्यायचा नाही, कॉक पूर्ण उघडायचा नाही. मिनिटाला ६५० फेऱ्यांची ती लिस्टर पद्धतीची राजकोटी इंजिनं असोत की पुण्याच्या किर्लोस्करांची असोत, नियम तोच. विहिरीचं गार पाणी सुरुवातीलाच भरपूर सोडलं तर इंजिन तापतच नाही. डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते, लायनर लवकर झिजतो. जास्त थंड राहिलेलं इंजिनही आजारीच असतं, हे आम्हाला पुस्तकाआधी धुराने सांगितलं. पांढरा धूर म्हणजे अजून गार आहे, काळा म्हणजे भार जास्त झालाय, निळा म्हणजे ऑईल जळतंय. आणि इंजिन तापलंच तर घाबरून गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. भार काढायचा आणि त्याला हळूहळू निवू द्यायचं.

आमच्या इंजिनांसारखंच बाहेरचं पाणी फिरवून थंड होणाऱ्या वेगवान बोटींच्या इंजिनांचं दुखणंही हेच आहे. आउटबोर्ड इंजिन ज्या पाण्यावर धावतं तेच पाणी ओढून थंड होतं, आणि त्याच्या अंगातून एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. ती धार थांबली की चालवणारा आधी इंजिन बंद करतो, मग पाण्याच्या तोंडात शेवाळ अडकलंय की पंपाचं रबरी चक्र झिजलंय ते शोधतो. समुद्राचं पाणी थेट फिरवणाऱ्या इंजिनांना थर्मोस्टॅटही कमी तापमानाचा, साधारण ६० अंशांचा बसवतात, कारण पाणी त्याहून फार तापलं की आत क्षार धरू लागतात. आमच्या जड पाण्यानेही जॅकेटात पांढरा थर धरायचा. मिस्तरी हेड उतरवून तो खरवडून काढायचा तेव्हा कळायचं, की कॉक पूर्ण उघडूनही पाणी का तापत होतं.

आता ट्रॅक्टरमध्ये बंद चक्रात फिरणारं कूलंट आहे, थर्मोस्टॅट आहे, समोर काटा आहे. गावावरून जाणाऱ्या सहा नंबरच्या, म्हणजे आताच्या त्रेपन्न नंबरच्या हायवेवर वैशाखात बॉनेट उघडून वाफाळत उभे राहणारे ट्रक क्वचितच दिसतात. रेडिएटरचं झाकण घाईने उघडून तोंड भाजून घेणारा क्लीनरही दिसत नाही. यंत्रं शहाणी झाली आणि माणसं वाचली.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं म्हणवत नाही. पंप पाणी ओढतो हवेच्या दाबावर, आणि व्यवहारात सात-आठ मीटरच्या पलीकडे त्याचं चालत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की इंजिन विहिरीच्या आत, गर्डरवर उतरवावं लागायचं. धूर विहिरीत साचायचा, आणि अशा धुराने माणसं दगावली आहेत. फुटव्हॉल्व्ह गळू लागला की पंपाने हवा धरायची. मग शेणकाला ओतून पाईप भरायचा, पुन्हा हँडल, पुन्हा घाम. आणि आम्ही पाणी जपून वापरलं हेही खरं नाही. विहिरी उपसायला जोमाने सुरुवात केली ती याच इंजिनांनी.

फरक एवढाच, की पाणी किती उतरलं ते आम्हाला दिसत होतं. इंजिन खाली घेताना प्रत्येक फूट खांद्यावर यायचा. पंपाचं पाणी तुटलं की जॅकेटही कोरडं पडायचं, म्हणजे विहीर आटल्याची खबर इंजिनाच्या तापण्यातूनच मिळायची. आता मोटर बंद पडते, लाल दिवा लागतो, आपण थोडा वेळ थांबून रीसेट दाबतो. पुन्हा बंद पडली की बोअर आणखी खोल करतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी कुठवर गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण कोणत्या वर्षी किती गेलं हे शेतकऱ्याला हाताच्या अनुभवाने सांगता येईल, असा दुवा उरलेला नाही.

ते इंजिन परत यावं असं कुणी मनापासून म्हणणार नाही, आम्हीही नाही. परत हवी आहे ती त्याने लावलेली सवय. आधी कारण शोधायचं, मग चालू करायचं. ड्राय-रनचा दिवा ही मोटरीची तक्रार नाही, ती जमिनीखालच्या पाण्याची आहे. तो लागला की रीसेट दाबण्याआधी बोअरमध्ये दोरी सोडून पाणी मोजावं आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा. नव्या पिढीला हँडल मारायला शिकवायची गरज नाही, ही वही ठेवायला मात्र शिकवायला हवं.