पाहतो, पाहतो!

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. शब्दांशी माझा संबंध ‘अक्षरी रुपये’ या रकान्यापुरता. परवा मात्र चिरंजीवांनी संस्कृतची वही पुढे केली.

“बाबा, अपेक्षा आणि उपेक्षा यांत फरक काय?”

“तू पास व्हावंस असं मला वाटतं, ती अपेक्षा. आणि या घरात माझी होते ती—”

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. मी मुकाट्यानं कोश उघडला.

कोशात मोठी मौज होती. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्याला ‘अप’ लागला की अपेक्षा, ‘उप’ लागला की उपेक्षा, ‘प्रति’ लागला की प्रतीक्षा आणि ‘परि’ लागला की परीक्षा. म्हणजे बापाची अपेक्षा, मुलाची परीक्षा आणि निकालाची प्रतीक्षा ही एकाच धातूची लेकरं! इंग्रजांचंही तेच. त्यांचा ‘एक्स्पेक्ट’ लॅटिनमधून आला. मूळ अर्थ, बाहेर पाहणे. दारात उभं राहून रस्त्याकडे डोळे लावायचे, हा उद्योग जगभर सारखाच. आपण त्याला ‘वाट पाहणे’ म्हणतो. उमेद फारशीतून आली, ती उमेदवाराला बरोबर घेऊनच. पूर्वी हा प्राणी नोकरीच्या आशेनं कचेरीत बिनपगारी राबायचा. हल्ली तो निवडणुकीत आपल्यालाच आशा लावतो.

पण माझं मन अडकलं ते उपसर्गांत. ‘अप’ म्हणजे दूर, ‘उप’ म्हणजे जवळ. दूर नजर लावणं ती अपेक्षा. जवळचं दिसत असून न पाहणं ती उपेक्षा, असा अर्थ मी आपला लावला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसलो. आमची शाखा वर्धा जिल्ह्यातली, कपाशी-सोयाबीनच्या मुलखातली. इथला माणूस नुसती वाट पाहत नाही. तो ‘वाट पाहून राहतो’. जूनमध्ये आभाळाकडे पाहून राहतो, दिवाळीनंतर कापसाच्या भावाकडे. रिझर्व्ह बँकेलाही हे ठाऊक असावं. इतरांचा हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं. कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला मात्र दोन हंगामांची सवलत. शेतकऱ्याच्या उमेदीची मुदत खुद्द नियमातच लिहिलेली!

रांगेत देवळीकडचे एक काका होते. २०१९पासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, त्यातला २,०००चा हप्ता आला का, हे विचारायला ते चौथ्यांदा आले होते.

“आले का जी पैसे?”

“पाहतो काका,” मी सवयीनं म्हणालो. आणि दचकलो. बँकेत ‘पाहतो’ म्हणजे ‘पाहणार नाही’. हे मी त्यांना आधी तीनदा सांगितलं होतं. काउंटरच्या त्या बाजूला अपेक्षा उभी होती, या बाजूला उपेक्षा बसली होती, आणि दोघी एकच क्रियापद वापरत होत्या!

मग मात्र खरंच पाहिलं. खात्यात काही नव्हतं. काकांच्या मोबाइलवर ओटीपी मागवला, आधार कुठं जोडलंय ते तपासलं, तर ते दुसऱ्याच बँकेला. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी तिथं खातं उघडलं होतं, तेव्हा आधारही तिकडे गेलं. आणि सरकारी पैसा आधारामागून जातो. सगळा उद्योग चार मिनिटांचा.

दुपारी काका पासबुक नाचवत परत आले. तीनही हप्ते तिथं जमा होते.

“मी इथं वाट पाहून राहिलो, अन् पैसे तिथं माह्यी वाट पाहून राहिले!” ते खदखदून हसले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “इतके दिवस तुमी काय पाहून राहिले होते जी?”

मी नोटा मोजायला घेतल्या. आधीच मोजलेल्या होत्या.

संध्याकाळी चिरंजीव वही घेऊन पुन्हा हजर. “बाबा, तो फरक राहिलाच. किती लिहू?”

“चार मिनिटांचा,” मी म्हणालो.

या उत्तराला बाईंनी शून्य मार्क दिले. बरोबरच आहे. त्या कधी आमच्या रांगेत उभ्या राहिलेल्या नाहीत.