गैरसोय सोसावी, धोका सोसू नये

पाऊस स्थिरावला, की अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याकडे गाड्यांची रीघ लागते. प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण, रंधा धबधबा आणि राज्यातील सर्वोच्च, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, हे सारे एकाच सहलीत पाहता येते. मुक्काम मात्र बहुतेकांना खिशाकडे पाहूनच ठरवावा लागतो. म्हणून वाचकहो, स्वस्त निवासाविषयी एक डॉक्टर या नात्याने आपल्याशी चार शब्द बोलावेसे वाटतात.

गेल्या श्रावणात आम्ही चौघे त्या परिसरातील एका स्वस्त निवासात दोन रात्री राहिलो. खोलीतून जलाशय दिसेल, असे सांगितले होते. प्रत्यक्षात खिडकीसमोर शेजारची भिंत होती. गाद्या ओलसर, कोपऱ्यांत बुरशीचे काळे डाग, वीज अधूनमधून, आणि पानात आलेले पिठले गार. मन खट्टू झाले. पण ही झाली गैरसोय. घरी परतल्यावर तिचे किस्से होतात.

न्हाणीघरात जे दिसले, ते मात्र निराळे होते. जेमतेम माणूस उभा राहील एवढ्या जागेत गॅसचा गिझर, आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून एकुलत्या एक झरोक्यावर प्लास्टिकचा कागद घट्ट बसवलेला. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू अपुरा पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. आधी डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात. हे प्रवासाच्या शिणामुळे असेल असे वाटेपर्यंत शुद्ध हरपते. दाराला आतून कडी असेल, तर बाहेरच्यांना पत्ताही लागत नाही.

मालकांना हे समजावून सांगितले. ‘पाऊस आत येतो, म्हणून लावला होता कागद,’ एवढेच म्हणून त्यांनी तो काढला. तरीही आम्ही दोन्ही दिवस चुलीवर तापवलेले पाणी बादलीतून घेतले. कारण असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच खरा उपाय आहे. कोणी असा गुदमरलेला आढळल्यास स्वतःचा श्वास सांभाळून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला, तरी रुग्णालयात न्यावेच.

दुसरा धोका पाण्याचा. पावसाळ्यात गढूळ पाणी टाकीत शिरते. जुलाब लगेच लागतात, म्हणून त्यांचे कारण ध्यानात येते. दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ मात्र साधारण दोन ते सात आठवड्यांनी प्रकटते, तेव्हा सहल विस्मरणात गेलेली असते. पाणी चांगले खळखळून उकळलेलेच प्यावे. सोबत ओआरएसची पाकिटे ठेवावीत. गर्भवतींनी विशेष जपावे. हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ त्यांच्या जिवावर बेतू शकते. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर बुरशीचा वास येणारी खोली बदलून मागावी आणि इनहेलर हाताशी ठेवावा.

तेव्हा खोली ठरवतानाच दूरध्वनीवर तीन प्रश्न विचारा: गिझर कोणता आणि कुठे बसवला आहे? न्हाणीघरात हवा खेळती आहे का? पिण्याचे पाणी उकळून मिळेल का? उत्तर अस्पष्ट असेल, तर शंभर-दोनशे रुपये अधिक मोजून दुसरीकडे जावे. आणि तिथे पोहोचल्यावर काही वावगे दिसले, तर मालकांना सौजन्याने पण स्पष्टपणे सांगावे. आपण दोन दिवसांचे पाहुणे. आपल्यामागून त्याच खोलीत कोणा दुसऱ्याची लेकरे उतरायची असतात.