खांदेमळणी

आमचें गांव टेंभुर्णी, जालना जिल्ह्यांतील जाफराबाद तालुक्यांतलें. पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं तेथें बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जुवाखालीं घासलेले खांदे ऊन पाण्यानें शेकून त्यांस तूप-हळद चोळतात. लहानपणीं आम्हांला यांत केवळ सोहळा दिसे. त्यामागील शहाणपण कळावयास २०२१ सालची कोविडची साथ यावी लागली.

आमची वडील बहीण, अक्का, त्या उन्हाळ्यांत एका रुग्णालयांत श्वासयंत्राच्या मास्कखालीं सहा दिवस होती. भेटीस मज्जाव असल्यामुळें आम्ही तिला मोबाईलच्या पडद्यावर पाहत असूं. एकदां मास्कच्या कडेनें हवा फुसफुसतांना ऐकली, आणि आम्हींच परिचारिकेस विनविलें, “सिस्टर, पट्टा जरा आवळा हो.” त्या माउलीनें तो आवळला. अक्का घरीं आली ती नाकाच्या दांड्यावर काळी खपली घेऊन. “जीव वाचला बाबा, नाकाचं काय एवढं!” असें ती म्हणाली, पण घरांतला आरसा तिनें भिंतीकडे तोंड करून ठेविला.

मग अध्यापकी सवयीप्रमाणें आम्ही ग्रंथांकडे वळलों. नाकाच्या दांड्यावर हाड आणि कातडी यांमध्यें चरबीची गादी जवळजवळ नसतेच. लँडिस यांनीं १९३० मध्यें नखाजवळील केशवाहिन्यांतील दाब मोजला, तो धमनीकडील टोकाशीं सरासरी पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरइतका भरला. आवळलेला मास्क याहून अधिक दाब सहज देऊं शकतो. रक्त अडतें, आणि घामानें भिजून मऊ पडलेली कातडी मरते.

उपाय मात्र साधे आहेत. मास्क चेहऱ्याच्या मापाचा निवडावा. लाली येण्यापूर्वींच, आरंभापासून, नाकावर हायड्रोकोलॉइडची पातळ पट्टी लावावी. पट्टे दोहों बाजूंस सारखे व बेताचे असावे. डोळ्यांत हवा जात नसेल तर थोडी गळती यंत्र स्वतःच भरून काढतें. डॉक्टरांच्या संमतीनें दर कांहीं तासांनीं मास्क क्षणभर उचलून कातडी पाहावी, आणि जमेल तेव्हां निराळ्या आकाराचा मास्क आळीपाळीनें लावावा, म्हणजे दाबाची जागा बदलते. बोटानें दाबूनहि न मावळणारी लाली ही पहिली सूचना होय. आपल्या सांवळ्या वर्णावर ती चटकन दिसत नाहीं. म्हणून ऊब, कठीणपणा आणि रुग्णाची दुखण्याची तक्रार यांकडे लक्ष हवें. तूप-तेल मात्र येथें वर्ज्य. त्यानें मास्क घसरतो, आणि प्राणवायूजवळ स्निग्ध पदार्थ आगीस निमंत्रण देतो.

शेतकरी जूं ठेवण्यापूर्वीं खांदा पाहतो. आम्ही सहा दिवस केवळ यंत्रावरचे आंकडे विचारीत होतों. नाक कसें आहे, हें एकदांहि विचारलें नाहीं.

त्याच वर्षीं पोळ्याला अक्का टेंभुर्णीस आली. गडी बैलाच्या खांद्यावर हळुवार हात फिरवीत होता. तें पाहतां पाहतां तिचें बोट नकळत नाकावरील फिकट खुणेकडे गेलें. आम्हीं मान खालीं घातली.