आष्ट्याचीं पालें

सांगलीहून इस्लामपुरास जातांना आष्टा हें गांव लागतें. येथील चौंडेश्वरीची भावई प्रसिद्धच आहे. आमचें लक्ष मात्र मुखवट्यांपेक्षां पालांकडे अधिक गेलें. चार वेळू, वर ताडपत्री, खालीं बांगड्या नि पिपाण्या. माल उधारीचा, खपला तरच फेड. पावसाची सर येतांच एका बाईनें आधीं माल झांकला, मग लेंकरूं. तिला नांवें कोणीं ठेवावींत?

आमचा एक शिष्य अशाच पालांत वाढला. २०१३ सालीं गोव्यांत वागातोरास ‘इंडिया बाइक वीक’ हा मोटारसायकलस्वारांचा मेळा प्रथम भरला. तसल्या मेळ्यांतून तो आतां तंबू ठोकून जाकिटें, हातमोजे, बिल्ले विकतो. जागेचें भाडें आगाऊ, गिऱ्हाईक दोन दिवसांचें. स्वारांच्या गाड्या लाखांच्या, तरी घासाघीस भाजीबाजारासारखीच! न खपलेले गठ्ठे आईच्या माजघरांत पडतात, आणि ती अंथरूण ओसरीवर घालते.