खालच्या कप्प्यातले जाडजूड अंक

मंडळी, पुढच्या वेळी कार बूट सेलला किंवा चॅरिटी शॉपमध्ये गेलात तर मुलांच्या नव्या पुस्तकांकडे वळण्याआधी खालच्या कप्प्यात वाकून बघा. विटेसारखा जाड ग्रंथ, पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसट झालेली, ‘बॉइज ओन ॲन्युअल’ किंवा ‘गर्ल्स ओन ॲन्युअल’ असं काही दिसलं तर उचला. दोन्ही हातांनी उचला, जड असतं.

ही पुस्तकं म्हणजे एका वर्षाचे बांधलेले साप्ताहिक अंक. रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी ही १७९९ साली लंडनमध्ये निघालेली ख्रिस्ती प्रकाशनसंस्था. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर गरिबाघरची मुलंही वाचायला लागली, आणि वाचायची काय, तर पेनीला मिळणाऱ्या खून-दरोड्यांच्या गोष्टी! त्यावर उतारा म्हणून सोसायटीने १८ जानेवारी १८७९ ला ‘बॉइज ओन पेपर’ काढला, तोही एका पेनीतच. पहिल्याच पानावर फुटबॉलच्या सामन्याची गोष्ट. पुढच्या जानेवारीत मुलींचा अंक आला. मुलांचा अंक थेट १९६७ पर्यंत चालला.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी तो मोठ्यानेच विचारला, ‘देव्हाऱ्याशेजारी ही मिशनऱ्यांची पुस्तकं कशाला गं?’ एक तर उपदेश वाटतो तेवढा नाही. संपादक हचिसन यांना पक्कं ठाऊक होतं की प्रवचनं छापली तर पोरं अंक हातात धरणार नाहीत. म्हणून ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या, क्रिकेट, ससे कसे पाळावेत, आणि टॅलबॉट बेन्स रीडच्या वसतिगृहातल्या शाळांच्या गोष्टी. आपल्या पोरांचं हॉगवर्ट्स त्याच घराण्यातलं! दुसरं म्हणजे, आपल्या मराठी नियतकालिकांचा इतिहास तरी मिशनऱ्यांना वगळून कुठे सांगता येतो? ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरहून निघाला, आणि पुढे त्याच्या मराठी भागाचं संपादन आपल्या रेव्हरंड टिळकांनी केलं. काकांनी चहा घेतला, विषय बदलला.

माझ्या मते या खंडांतलं सगळ्यात मौल्यवान पान म्हणजे वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं. गंमत अशी, की तिथे फक्त उत्तर छापलेलं असतं. प्रश्न नाहीच! वर पत्र लिहिणाऱ्याची आद्याक्षरं किंवा टोपणनाव, आणि खाली दोन ओळींत संपादकांचा निकाल. कुणाचं अक्षर वाईट म्हणून कानउघाडणी, कुणाला गार पाण्याने आंघोळ करण्याचा सल्ला, कुणाला नाण्याची किंमत. मुलींच्या अंकात चेहऱ्याच्या काळजीपासून नोकरीपर्यंत सगळं.

आमच्याकडे रविवारी जेवण झालं की याचा खेळ होतो. मी उत्तर वाचते, मुलांनी मूळ पत्र काय असेल ते सांगायचं. अट एकच, मराठीत. चौदा वर्षांची माझी लेक एरवी ‘फाइन’ आणि ‘ओके’च्या पलीकडे बोलत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा मुलीची बाजू घेऊन ती संपादकांशी भांडते तेव्हा व्याकरण चुकतं, लिंग बदलतं, पण गाडी थांबत नाही. मीही मध्ये टोकत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ही मासिकं साम्राज्याच्या भरात लिहिलेली आहेत. हिंदुस्थानातल्या साहसकथा येतात, त्यात साहेबाचा पोरगा शूर आणि आपला माणूस मागे बंदूक धरून उभा, तुटक इंग्रजी बोलणारा. आमच्या ग्रुपमधले एक बाबा म्हणतात, असलं घरात नकोच. लहानग्यांपुरतं त्यांचं खरं आहे, सहा वर्षांच्या मुलाच्या हाती मीही देणार नाही. पण अकराच्या पुढे शेजारी बसून जरूर वाचावं. इथल्या कितीतरी पिढ्या हे वाचत मोठ्या झाल्या, आणि त्याचे पडसाद आपल्या मुलांना शाळेच्या मैदानात आजही ऐकू येतात. माझ्या मुलाने विचारलं, ‘हा नोकर त्याच्या घरी असाच तुटक बोलत असेल का?’ मग दोघांनी बसून त्याची वाक्यं मराठीत लिहिली. ‘हुजूर’ नंतर काय म्हणतात ते आजीला व्हिडिओ कॉलवर विचारलं. मराठीत तो नोकर चांगलाच तिरकस निघाला.

घेताना काय बघायचं? रंगीत चित्रं शाबूत आहेत का ते आधी. मासिक भागांबरोबर ती वेगळी यायची, आणि हल्ली फ्रेम करून विकायला कापून घेतात. बांधताना बाइंडर बहुधा वेष्टणं आणि जाहिराती काढून टाकत. त्या राहिल्या असतील तर सोडू नका. कातडी पाठीवर बोट फिरवल्यावर लाल भुकटी आली किंवा ओलीचा वास आला, तर फुकटातही घेऊ नका. आतल्या कोऱ्या पानावर संडे स्कूलच्या बक्षिसाची चिठ्ठी असेल तर मुलांना ती आधी दाखवा. वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे एका खंडात दोन सालं दिसली तर गोंधळू नका.

आमच्याकडे चार खंड झालेत. लेकीला आता ‘गर्ल्स ओन’चा पहिला हवाय, जानेवारी ते सप्टेंबर १८८० चा. नऊच महिन्यांचा, म्हणून बाकीच्यांपेक्षा बारीक असतो. कुणाला दिसला तर शिवण आणि चित्रं बघून मला फोटो पाठवा, प्लीज.