खाली पडलेला कॅमेरा

धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या तालुक्यांतून पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसे २०२० च्या टाळेबंदीत गावाकडे परतली. मराठवाड्यातील अनेक गावांनी वेशीवर काटे-लाकडे टाकून वाट अडवली. परतलेल्यांना शाळेत उतरविले. कोणाच्या तरी मोबाइलने हे टिपलेही. त्या चित्रफितींत कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ केवळ ‘बाहेरून आलेला’ ठरला.

‘सापडलेल्या चित्रफिती’चा आभास निर्माण करणाऱ्या झोंबीपटांचे मर्म येथे उलगडते. वेताळपंचविशीतील प्रेताला वाचा आहे. ते कथा सांगते, प्रश्न विचारते. झोंबी मुका असतो. त्याची कथा नेहमी दुसराच सांगतो, आणि कॅमेरा अद्याप न बाधलेल्याच्या हाती असतो. ‘झोंबिवली’ (२०२२) या मराठी चित्रपटाने टोलेजंग संकुल आणि शेजारची झोपडपट्टी यांतील दरी दाखविली. परंतु तेथे कॅमेरा कथेबाहेरचा, म्हणून निर्भय आहे.

‘रेक’ (२००७) या स्पॅनिश चित्रपटात तो निर्भय नाही. बार्सिलोनातील इमारत बाहेरून बंद केली जाते आणि दूरचित्रवाणीची वार्ताहर चित्रकासह आत अडकते. अखेरीस कॅमेरा जमिनीवर पडतो, ती अंधारात ओढली जाते. चित्रण मात्र चालूच राहते. पाहणाऱ्याचे वेगळेपण तेथे संपते. वेशीवर मोबाइल उगारून उभ्या राहिलेल्यालाही पुढे ताप आला असेल, तर आपलीच चित्रफीत त्याने कोणत्या नजरेने पाहिली असेल?