मक्यात हरवलेला ड्रोन

कराड

प्रिय सुध्या,

ड्रोन घेतलास, अभिनंदन! पण आयोवात, तेही मका पुरुषभर वाढलेला असताना? तुमचा मका काय नि आमचा ऊस काय, आत पडलेली वस्तू दोन हातांवरूनही दिसत नाही. इथल्या उडवणाऱ्या मंडळींचं ठाम मत ऐक : ड्रोन सापडतो तो शोधाशोधीमुळे कमी, आधीच्या तयारीमुळे जास्त.

तुझा डीजेआय मिनी 249 ग्रॅमचा. 250 ग्रॅमच्या आतला आणि निव्वळ हौसेचा, म्हणून अमेरिकेत त्याची नोंदणी लागत नाही. पण मग त्याच्या अंगावर नोंदणी क्रमांकही नसतो. एखाद्या शेतकऱ्याला तो सापडला तर बिचाऱ्याने द्यायचा कुणाला? म्हणून पोटावर तुझा फोन नंबर लिही. शेजारी भडक केशरी पट्टी चिकटव, कारण राखाडी रंग मातीत हरवतो. एअरटॅग लावायचा मोह होईल, पण तो 11 ग्रॅमचा. वजन 260 वर गेलं की नोंदणी आलीच. शिवाय तो आपला ठावठिकाणा आसपासच्या ॲपलच्या फोनमार्फत कळवतो. भर मक्यात फोन घेऊन कोण फिरतंय?

जीपीएस लागून होम पॉइंटची, म्हणजे परतायच्या जागेची, नोंद झाल्याशिवाय ड्रोन उचलू नकोस. ‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे आपोआप माघारी येण्याची, उंची तिथल्या सर्वांत उंच झाडापेक्षा, धान्याच्या सायलोपेक्षा जास्त ठेव. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे बॅटरी उतरल्यावर वारा पाठीशी असेल. आणि खाली पान हलत नसलं तरी वर वारा असतो, हे विसरू नकोस.

एवढं करूनही स्क्रीन काळी झालीच, तर लगेच धावत सुटू नकोस. नुसता सिग्नल तुटला असेल तर ड्रोन बहुधा आपणच माघारी येतो. नाहीच आला, तर ॲपमध्ये ‘फाइंड माय ड्रोन’ उघड आणि शेवटच्या ठिकाणाचा स्क्रीनशॉट काढून ठेव. मग फोनवर साठलेला व्हिडिओ आणि ॲपमधली उड्डाणाची नोंद बघ : तोंड कुठे होतं, उंची नि वेग किती होता? 100 मीटरवर पंखे थांबले तर जमिनीवर यायला पाचेक सेकंद तरी लागतात, आणि तेवढ्यात वेगातला ड्रोन बराच पुढे जातो. म्हणून नकाशावरच्या ठिपक्यापासून त्याच्या जाण्याच्या दिशेने पुढे शोध.

शेतमालकाला विचारूनच आत शिर. सोबत कुणीतरी ने. एकाने बांधावर नकाशा धरून फोनवर दिशा सांगायची, दुसऱ्याने एकेक ओळ धरून चालायचं. जवळ गेल्यावर रिमोट पुन्हा जोडला गेला, तर ॲपमधूनच ड्रोनचा दिवा लुकलुकवता येतो, त्याला बीप करायला लावता येतं. बॅटरीत जीव आहे तोवरच हे चालतं, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नकोस. सापडल्यावर बॅटरी फुगलेली किंवा चेपलेली दिसली तर ती पुन्हा चार्ज करायची नाही. लिथियमची बॅटरी उशिरानेही पेट घेते.

आणि शोध लागला नाही, तरी शेतमालकाकडे नंबर देऊन ये. कापणीच्या यंत्रात बॅटरी सापडली तर आगीचा धोका त्याला आहे, म्हणून त्याला कळवणं हे आपलं कर्तव्यच. बाकी सगळं पुढे बघू. आधी मार्कर घे आणि पोटावर नंबर लिही.

तुझा,
विन्या